मामींचा शंकराभरण

शंकराभरण या रागाचं नाव कुणी माझ्यासमोर काढलं की माझं डोकं फिरतं. परवाच माझ्या भाच्याचा मुलगा कीबोर्ड काखेत मारून आला. नालासोपाऱ्याला कुठल्याशा क्लासला जातो. म्हणाला, "आजी, शंकराभरणम म्हणजे आपला सी मेजरच ना गं? सरांनी सांगितलं." आणि पांढऱ्या पट्ट्यांवरून एक बोट सरकवत गेला, सा ते सा, खाडखाड. झालं म्हणे. आला राग! पोराचा काय दोष? पण दुपारभर माझी धुसफुस चालू होती. भांडी आपटून झाली, पलीकडच्या टॉवरच्या कामाच्या आवाजावरून तिथल्या वॉचमनशी भांडूनही झालं. कारण तो मुलगा चुकला नव्हता. सात सूर तेच आहेत. पियानोवाला त्याला मेजर म्हणेल, हिंदुस्थानी गाणारा बिलावल म्हणेल, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. हेच तर माझं दुखणं आहे. तरुणपणातला एक अख्खा काळ मी या रागाच्या दारात उभी राहून काढला, आणि त्या दारात पहिल्याच दिवशी मला सांगितलं गेलं होतं की तुला सूर तर सगळे येतात. येतात म्हणे!

आमचं घर वसईतल्या वटारला, केळीच्या वाडीत. आता तिथे गाडी थेट अंगणात येते, तेव्हा केळीच्या दोन रांगांमधून वाकून यावं लागे आणि पानांवरचं पाणी मानेवर पडे. पहाटे विहिरीवरचा पंप सुरू झाला की त्याच्या धडधडीतच आम्ही उठायचो. मग देवळाची घंटा. देऊळ म्हणजे चर्च, आम्ही वसईचे ख्रिस्ती लोक त्याला देऊळच म्हणतो. आय तोवर चुलीपाशी बसलेली असे. तांदळाच्या भाकरीचा वास, त्यात सुक्या बोंबलाचा वास, आणि थंडीच्या दिवसांत या सगळ्यावर मात करणारा राजेळी केळ्यांचा गोड वास. ती सोलून उन्हात घालायची, उलटायची, माश्यांपासून जपायची आणि सुकली की केळीच्याच वाळक्या पानात घट्ट बांधायची. सुकेळी खाताना जग विसरायला होतं, पण ती करताना कंबर मोडते, हे खाणाऱ्यांना कुणी सांगत नाही. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. ती इथे जशीच्या तशी लिहिली तर वसईबाहेरचे वाचक पहिल्याच पानावर हात टेकतील, म्हणून सगळ्यांना मी शाळेतली मराठी बोलायला लावते आहे. पप्पांना ते मुळीच आवडलं नसतं.

पप्पा वाडी करायचे आणि रविवारी देवळात मिस्साला, म्हणजे प्रार्थनाविधीला, व्हायोलिन वाजवायचे. या दोन गोष्टींखेरीज त्यांना तिसरं काही नको होतं. देवळात एकत्र गाणाऱ्या कॉयरमधली मुलं-मुली त्यांनीच तयार केली, मीही त्यांतलीच. त्यांची शिकवण्याची पद्धत एकच: ऐका, पाठ करा आणि जसं आहे तसं म्हणा. कुणी मध्येच आवाजाला वळण दिलं, लाडात येऊन सूर लांबवला, की ते व्हायोलिनची धनुकली खाली ठेवायचे. ओरडायचे नाहीत. नुसतं बघायचे. एकदा माझ्या मैत्रिणीला म्हणाले, "पोरी, मिस्सात कोण गातंय हे लोकांना कळलं, की समजायचं गाणं बिघडलं. लोक देवासाठी आलेत, तुझ्यासाठी नाहीत." मला हे इतकं पटलेलं होतं की अजूनही कुणी लग्नात माइकसमोर डोळे मिटून स्वतःच्याच आवाजावर खूश होताना दिसलं की मला उठून जावंसं वाटतं.

मग एकदा केळीचा घड उतरवताना कोयता सटकून पप्पांच्या डाव्या हातावर आला. जखम भरली, पण दोन बोटं ताठ राहिली ती राहिलीच. देवळातली सगळी माणसं येऊन हळहळून गेली. पप्पा म्हणाले, "वाडीचं काम होतंय ना, मग झालं." पण रविवारी मिस्साहून आले की ते व्हायोलिनची पेटी उघडायचे, आत बघायचे आणि बंद करायचे. एके दिवशी त्यांनी ती माझ्या पुढ्यात ठेवली. मला सुरांची जाण होतीच, थोडंफार वाजवायलाही येत होतं. ते शेजारी बसून शिकवत गेले आणि वर्षभरात मी त्यांच्या जागी उभी राहून मिस्सात वाजवू लागले. खरं सांगायचं तर मला तिथेच थांबायला हवं होतं. सुखात होते.

पण पप्पांनीच घोळ केला. ते वसई स्टेशनच्या बाजूला मद्राशी लोकांच्या बिल्डिंगींत केळीची पानं पोचवायचे. आम्ही तेव्हा सगळ्या दक्षिणेकडच्यांना मद्राशीच म्हणायचो, आणि ते आम्हाला काय म्हणायचे देव जाणे. त्यांच्यात एक राजम मामी होत्या, त्यांचे यजमान वालीवच्या एका कारखान्यात हिशेब बघायचे. पानांच्या बाबतीत मामी फार कडक. पान टोकाचं हवं, टोक जरा फाटलेलं असलं तरी परत. एके दिवशी पप्पा जिना चढत असताना वरून व्हायोलिन ऐकू आलं आणि ते पानांची मोळी खांद्यावर तशीच ठेवून मधल्या पायरीवर उभे राहिले. वाजवणं संपल्यावर वर गेले. मामी जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, व्हायोलिनचा एक शेंडा छातीशी आणि दुसरा उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवलेला. पप्पांना आयुष्यात एवढं आश्चर्य कधी वाटलं नसेल. "बाई, असं बसून वाजतं?" त्यांनी विचारलं. मामी म्हणाल्या, "वाजतं म्हणजे? उभं राहून कसं वाजतं ते मला कळत नाही." पुढच्या खेपेला पप्पा मला घेऊन गेले.

मामी वसईत इतकी वर्षं राहिल्या होत्या की त्यांची मराठी झरझर चालायची, फक्त मध्येच ती हिंदीत शिरायची आणि चिडल्या की तमिळमध्ये जायची. त्यांनी मला उभं राहून वाजवू दिलं. मग म्हणाल्या, "हे लग्नाच्या बँडचं उभं राहणं झालं. खाली बस. हनुवटीने धरू नको. मान मोकळी, हात मोकळा. हात मोकळा नाही तर बोट चालणार कसं?" त्यांनी चारही तारा वेगळ्याच लावल्या, खालच्या पट्टीत, आणि मागे सा धरून ठेवणारी श्रुतीपेटी सुरू केली. मग साधे सात सूर वाजवायला सांगितले. मी वाजवले, स्वच्छ, सरळ, पप्पांनी शिकवल्यासारखे. मामी हसल्या. "हे कुठले सूर माहीत आहे? शंकराभरणमचे. सगळे येतात तुला. फक्त राग नाही."

मला वाटलं, बायकांची बोलायची एक तऱ्हा असते तशी ही. पण मग त्यांनी स्वतः वाजवून दाखवला. सूर तेच होते, मी बोटांवर मोजत होते, आणि तरी मला काही म्हणजे काही ओळखू येईना. सा आणि पंचम तेवढे जागच्या जागी उभे. गांधार ऐसपैस. पण मध्यम? मध्यम एका जागी थांबतच नव्हता. खालच्या गांधाराला लागून वर पंचमाकडे जायचा, परत यायचा, आणि या जाण्यायेण्यालाच मामी मध्यम म्हणत होत्या. धैवत तसाच. निषाद तर वरच्या सा च्या अंगावर रेललेला. आणि या सगळ्या हालचालीत घाई मुळीच नाही. एखादी कर्ती बाई भरल्या घरात वावरते, हे उचल, ते ठेव, कुणाला हाक मार, आणि तिचा पदर जागचा हलत नाही, तसा तो राग चालला होता. मामी म्हणायच्या, "दुसरे राग रडवतात, लाडात आणतात. शंकराभरणम माणसाला खाली बसवतो. काम टाक, बस, म्हणतो." आणि खरंच मी बसून राहिले. लहानपणी देवळात म्हटलेल्या पहिल्या कम्युनियनच्या गाण्यापासून जे सूर मी ओळखत होते, ते मला परके करून पुन्हा समोर ठेवले होते. भूल पडली ती तिथे. मला तो राग हवा होता. आयुष्यात इतकं काही मी मागितलेलं नाही.

पुढचे महिने माझ्या अक्षरशः नाकी नऊ आले. मध्यम हलवला की मामी म्हणत, "हे हलणं नाही, हे थरथरणं. थंडी वाजते का तुला?" नाही हलवला की म्हणत, "परत चर्चमध्ये गेली." सावकाश हलवला की तो दोन वेगळे सूर व्हायचा, भरभर हलवला की मेंढी ओरडल्यासारखं. मी घरी येऊन पेटी आपटायचे आणि आय भाकरी थापता थापता म्हणायची, "वाजत नाही तर नको वाजवू, पण पेटीने काय केलंय तुझं?" शिवाय रोजची कटकट निराळीच. मामींकडे तारा खाली उतरवायच्या, रविवारी मिस्सासाठी वर चढवायच्या. दर थोड्या दिवसांनी एक तार फटकन तुटायची आणि पप्पा दुसरी आणायचे.

आणि मग व्हायचं तेच झालं. सणाच्या मिस्सात, देऊळ गच्च भरलेलं, अर्पणाचं गाणं चालू होतं, आणि माझं बोट मध्यमावर गेलं आणि हललं. मी हलवलं नाही, ते हललं. इतके महिने जे मामींकडे जमलं नव्हतं ते इथे, वेदीच्या बाजूला, आपसूक आलं. पुढच्या रांगेतल्या मुलींनी सूर धरायला माझ्याकडे कान लावलेला, त्या माझ्यामागून घसरल्या, त्यांच्यामागून मुलगे, आणि सगळा कॉयर एका क्षणात चिखलात पाय गेल्यासारखा झाला. लोक माना वळवून बघायला लागले. फादर बिचारे भले होते, मिस्सानंतर हसून म्हणाले, "आज जरा वळणाचा रस्ता घेतला तुम्ही." पण कॉयरच्या बायका हसल्या नाहीत. एकीने तोंडावर विचारलं, "तुला देवळात वाजवायचंय की त्यांच्या भजनात, ते एकदा ठरव." संध्याकाळी पप्पांनी मला ओट्यावर बोलावलं. मला वाटलं आता मामींकडे जाणं बंद. ते म्हणाले, "फिलू, दोन्ही नाही होणार. देवळात मी दुसऱ्या कुणाला तयार करतो. तू ते एक काय ते नीट शीक." पप्पांच्या व्हायोलिनने देवळात वाजायचं थांबावं, असं पप्पाच म्हणत होते. त्या दिवसापासून तो राग येणं ही माझ्या हौसेची गोष्ट राहिली नाही. तो यायलाच हवा होता.

त्याच सुमारास मामींचे यजमान रिटायर होणार असं कळलं. पोंगल, म्हणजे त्यांची संक्रांत, झाला की मामी वसई सोडून त्रिचीला जाणार होत्या. त्यांच्या हाताखाली कॉलनीतल्या पुष्कळ मुली शिकल्या होत्या, पण चार गाणी बसली की कॉलेज, मग नोकरी, मग लग्न. आलापनेपर्यंत एकही पोचली नव्हती. आलापना म्हणजे ताल नाही, शब्द नाही, बसवलेलं काही नाही, नुसता राग आपल्या मनाने उलगडत न्यायचा. मामी म्हणाल्या, "नवरात्रात बाहुल्या मांडते ना मी, त्या गोलूला तू शंकराभरणम वाजवणार. फक्त आलापना. एकटी. एक तरी मूल तयार केलं म्हणून मी इथून जाणार." कॉलनीतल्या एका बाईंनी कुरकुर केली, चर्चवाली मुलगी का म्हणून. मामींनी तिला तिथल्या तिथे गप्प केलं, "वर्षानुवर्षं हिच्या घरच्या पानावर जेवता, हिचा हात चालत नाही?"

मी मामींना विचारलं, "पण वाजवू काय?"

"जे मनात येईल ते."

"म्हणजे कुठलं?"

"रागातलं."

"पण आधी काय, मग काय?"

"मला काय माहीत? मी काय तुझ्या मनात बसलेय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे काय शिकवणं झालं? आमच्यात कुणाला वेदीसमोर उभं करून "मनात येईल ते म्हण" असं सांगितलं तर तो घरी निघून जाईल. मला एकच रीत माहीत होती, ऐका आणि पाठ करा. त्यानंतरच्या एका मंगळवारी मामींनी शंकराभरण वाजवला तो इतका लांब, इतका भरलेला, की जिन्यावरून जाणारी माणसं थांबली. पप्पाही पानं घेऊन आले होते, ते दारात उभे राहून ऐकत होते. मी ठरवून टाकलं. हाच. कॉयरमध्ये वाढलेल्या माणसाचं डोकं एका बाबतीत पक्कं असतं, ऐकलेलं सांडत नाही. एसटीत बसल्यापासून मी ओठांतल्या ओठांत म्हणत होते, पप्पा शेजारी बसून राहिलेलं भरत होते. घरी आल्यावर पप्पांनी कॉयरची गाणी उतरवायचा पाच रेघांचा कागद घेतला, सगळं नीट उतरवून काढायला. पहिल्याच मध्यमाशी त्यांनी पेन्सिल टाकली. "हा रेघेवर बसत नाही, आणि दोन रेघांच्या मध्येही बसत नाही. कानाने करू." आणि आम्ही कानाने केला. रोज संध्याकाळी केळीत मी चटई घालून वाजवायचे आणि ते समोर उकिडवे बसून सांगायचे: इथे थांबल्या होत्या, एक श्वास घेण्याइतकं. इथे वर जाऊन आल्या, तू नुसतीच गेलीस. आणि देवा शप्पथ, येत गेला. मध्यम हलायला लागला, थरथरेना. पुढच्या आठवड्यात मामींनी तोच राग वाजवला तो पार निराळा, सुरुवातही वेगळी. जिना उतरताना पप्पा मला हळूच म्हणाले, "आज विसरल्या वाटतं." मीही मान हलवली. बाईंचं वय झालंय, आम्ही दोघं समजूतदारपणे म्हणालो.

गोलूच्या संध्याकाळी मामींचं घर माणसांनी भरलं होतं. पुढच्या खोलीत पायऱ्या करून बाहुल्या मांडलेल्या, वर देव, खाली फळवाला, वाणी, पोलीस, लग्नाची वरात. मोगऱ्याचे गजरे, कापराचा वास, आतून येणारा खोबऱ्याचा वास. आयने मला तिची लग्नातली लाल साडी नेसवली होती. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी बसले, ताठ बोटांचा हात मांडीखाली घेऊन. मी मांडी घातली, श्रुतीपेटी सुरू झाली, आणि मी तो मंगळवार वाजवायला सुरुवात केली. एक जागा चुकली नाही. थांबणं थांबल्यासारखं, चढणं चढल्यासारखं. लोक माना डोलवू लागले. कुणी म्हणालं, "अगदी मामी!" वरच्या षड्जावर मी पोचले तेव्हा पुढे बसलेले एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते. संपल्यावर टाळ्या पडल्या. मी मामींकडे पाहिलं. त्या बाहुल्यांकडे बघत होत्या. मग उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मी मागोमाग गेले. त्या चण्यांच्या सुंडलवर खोबरं घालत होत्या, हाताने, जरा जास्तच जोरात.

"मामी, कुठे चुकलं?"

"कुठेच नाही चुकलं."

"मग?"

त्या माझ्याकडे वळल्या. "त्या मंगळवारी सकाळी मामांनी मला सांगितलं की त्रिचीतलं घर पक्कं झालं, आता वसई खरंच सुटली. माझी सगळी जिंदगी इथे गेली, कण्णा, बाळा. मी कुणासमोर रडले नाही. शंकराभरणममध्ये कुणी रडत नाही, म्हणून मी तोच घेतला आणि बसले. आता तू बाहेर सगळ्या लोकांसमोर ते जसंच्या तसं काढून ठेवलं. तुझं काय होतं त्यात?"

"मला वाटलं, तुम्हाला आवडेल," मी म्हणाले.

"डोळे मिटले तर मला मीच दिसले. मी तुला ऐकायला बसले होते." मग त्यांनी स्वतःचं व्हायोलिन भिंतीवरून काढून माझ्या हातात दिलं. "वाजव. लांब नको. एकच ओळ. मंगळवारची सोडून."

मी तिथेच फरशीवर बसले. गॅसवर काहीतरी खदखदत होतं. बाहेर कुणाची तरी मुलगी गायला लागली होती. मी धनुकली तारेवर ठेवली आणि माझ्या मनात काय आहे ते बघायला गेले, तर तिथे एक तर मामी होत्या, नाही तर देऊळ. तिसरं कुणीच नव्हतं. इतका राग आला मला, स्वतःचा, त्यांचा, त्या बाहुल्यांचासुद्धा! शेवटी बोटं आपोआप चालली ती सा रे ग म, सरळ, पहिल्या कम्युनियनच्या गाण्यासारखी. मामींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "जा, सुंडल घे," त्या म्हणाल्या.

परतीच्या एसटीत पप्पा गप्प बसूच शकत नव्हते. शेजारी चांदीपचा कुणी शेतकरी बसला होता, त्याला काही देणंघेणं नसताना पप्पा त्याला सांगत होते, "आमची पोरगी. एवढ्या लोकांत वाजवलं. तिच्या बाईंनी जसं वाजवलं होतं ना, त्यात एका सुराचा फरक नाही हो, एका सुराचा!" मी खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना सांगणं माझ्या जिवावर आलं, आणि मी ते कधीच सांगितलं नाही. त्यांनी आपलं व्हायोलिन देवळातून काढून माझ्या हातात ठेवलं होतं, ते 'अगदी मामी' या शब्दासाठीच. तो शब्द त्यांना मिळाला होता.

त्यानंतर पोंगलपर्यंत मी मामींकडे जात राहिले. मामी दर वेळी म्हणत, एक ओळ वाजव. मी वाजवायचे आणि अर्ध्यात मलाच कळायचं, ही तर त्यांचीच गेल्या वर्षीची. मग ती सोडून दुसरी, ती गाण्यातली. मुद्दाम वेडंवाकडं काही केलं तर तो रागच राहायचा नाही. अजूनही हेच चालतं. गुडघे धरतात म्हणून आता मी पाटावर बसते, पण सकाळी वाजवते, वटारमध्ये, टॉवरवाल्यांचं मशीन सुरू व्हायच्या आधी. लोक म्हणतात, काय सुंदर वाजवता हो आंटी, हा कुठला राग? सगळा येतो मला शंकराभरण, त्याची प्रत्येक वाट माहीत आहे, आणि त्यातली एकही मी काढलेली नाही. पूर्वी यावर मी रडायचे. आता चिडते. चिडण्यात निदान दिवस जातो.

मामी निघायच्या आदल्या सकाळी मी गेले तेव्हा घर रिकामं झालं होतं. बाहुल्या खोक्यांत गेलेल्या, भांडी बांधलेली, भिंतीवर चौकोनी डाग. मामा खाली टेम्पोवाल्याशी बोलत होते. श्रुतीपेटीही बांधली होती, म्हणून मामींनी नुसती मोकळी तार छेडून सा पक्का केला आणि मला समोर बसवलं. मी माझं व्हायोलिन काढू लागले तर म्हणाल्या, "ते राहू दे. आज मी वाजवते. आणि ऐक, हे शिकवणं नाही. हे तुला देत नाहीये. पाठ करायचं नाही. नुसतं ऐकायचं, आणि इथून जाताना विसरून जायचं. ऐकशील माझं?" मी हो म्हणाले, मनापासून म्हणाले. त्यांनी शंकराभरण सुरू केला, गांधारावरून, जसा त्यांनी कधीच सुरू केला नव्हता. मी नखं तळहातात रुतवली, खिडकीबाहेरच्या विजेच्या तारा बघितल्या, मनातल्या मनात देवळातली 'आमच्या पित्या' ही प्रार्थना म्हणत राहिले, म्हणजे कानांत काही शिरणार नाही. मामी डोळे मिटून वाजवत होत्या आणि मी रडत होते, आणि रडता रडता मला सगळं पाठ होत होतं.